चौक म्हणू की अंगण

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत काहीतरी लिहून दे, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. पन्नास वर्षांहून जास्त झाली, मराठीत मी वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. ‘मायबोली’ हे आमचं इस्राएलमधलं मराठी त्रैमासिक घरी यायचं, तेही मी फक्त वाचायची.

मी 1970 च्या अकरावीची, अलिबागच्या इस्राएल आळीतली, म्हणजे आम्हा कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, बेने इस्राएलांच्या वस्तीतली. ओहोटी लागली की दप्तरं टाकून कुलाबा किल्ल्याच्या दिशेनं पळणारी पोरं, पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनानंतरची ओली चिखल झालेली पांढरी कॅनव्हास, हे सगळं बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय सामी मिखाएल या हिब्रू लेखकाबद्दल. तो आपल्या शाळेत कधी आला नाही, त्याला अलिबाग ठाऊक असायचंही काही कारण नव्हतं. पण त्याचं पुस्तक हातात धरायची हिंमत मला आली ती आपल्या मराठीच्या बाईंमुळे, म्हणून त्याची जागा इथेच.

बाईंचा एक नियम होता. उतारा वाचताना शब्द अडला तर थांबायचं नाही, विचारायचंही नाही. वाक्य शेवटपर्यंत न्यायचं, मग मागे यायचं. तरीही अडला, तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचा. आम्ही वैतागायचो.

मुंबईला नर्सिंग करून 1974 साली मी आईबरोबर इस्राएलमध्ये, हैफाला आले. हिब्रू येत होतं म्हणजे प्रार्थना पाठ होत्या. ‘शमा इस्राएल’ घडाघडा म्हणणारी मुलगी बाजारात बटाट्याचा भाव विचारताना मुकी व्हायची. उल्पानमध्ये, म्हणजे नव्याने आलेल्यांच्या भाषावर्गात, सहा महिने काढले. बोलणं जमलं, वाचन अडलं. हिब्रूत कादंबऱ्या, वर्तमानपत्रं छापतात ती स्वरचिन्हांशिवाय. आपल्या मराठीतून काना, मात्रा, वेलांट्या काढून टाका आणि मग ‘कमल’ आहे, ‘कमाल’ आहे की ‘कोमल’ आहे ते संदर्भानं ओळखा, तसं ते काम. तिथे बाईंचा नियम कामी आला. वाक्य शेवटपर्यंत न्यायचं, मग मागे यायचं.

वॉर्डात बगदादच्या एक आजी होत्या. त्यांची मुलगी शाळेत शिकवायची. तिनं मला एक पुस्तक आणून दिलं, किशोरांसाठीचं, ‘खजुरींमधलं वादळ’ अशा अर्थाच्या नावाचं. लेखक सामी मिखाएल. इंग्रजीत सॅमी मायकेल छापतात, पण इथे सगळे मिखाएलच म्हणतात. गोष्ट 1941 च्या बगदादची. त्या वर्षी जूनच्या पहिल्या दोन दिवसांत, ऐन शावुओतच्या सणात, तिथल्या ज्यू वस्तीवर जमाव चालून गेला. शंभराहून जास्त माणसं मेली, घरंदुकानं लुटली गेली. काही मुसलमान शेजाऱ्यांनी ज्यूंना आपल्या घरात लपवलं, हेही त्याच दोन दिवसांतलं. त्या हल्ल्याला फरहूद म्हणतात. लेखक तेव्हा चौदा वर्षांचा होता. ते पुस्तक वाचायला मला चार महिने लागले. शेवटच्या पानावर शब्दांची रांग लागली होती.

मग मी त्याच्याबद्दल विचारू लागले. जन्म बगदादचा, 15 ऑगस्ट 1926. जन्मनाव कमाल सालाह. (आता वरचं ‘कमल की कमाल’ मला का सुचलं ते कळलं असेल.) भारत स्वतंत्र झाला त्या दिवशी हा एकवीस पूर्ण करत होता आणि इराकमध्ये डाव्या भूमिगत चळवळीत होता. 1948 साली त्याच्यावर पकड वॉरंट निघालं, तो इराणला पळाला. 1949 मध्ये इस्राएलला पोचला. पुढे 1950-51 मध्ये विमानं भरभरून सव्वा लाखाच्या आसपास इराकी ज्यू इकडे आले, पण हा आधीच एकटा येऊन हैफाच्या अरब वस्तीत राहत होता. कम्युनिस्ट पक्षाच्या अरबी वर्तमानपत्रात लिहायचा. लिहायची भाषा अरबीच होती.

1955 मध्ये त्यानं पक्ष सोडला. आणि लिहिणंही थांबलं.

मला त्याचं सगळ्यात जास्त कौतुक आहे ते या थांबण्याचं. पुस्तकांवर लिहिणारे लोक ही वर्षं एका ओळीत उरकतात. तिशीतला लिहिता माणूस, त्याची भाषा नव्या देशात शत्रूची भाषा मानली जाते, आणि देशाची भाषा त्याला कादंबरी लिहिण्याइतकी येत नाही. मग काय केलं त्यानं? पाणी मोजलं. शेती खात्याच्या जलविज्ञान विभागात पंचवीस वर्षं नोकरी केली, उत्तरेला सीरियाच्या सीमेकडच्या भागात. (त्याच्या बहिणीचा नवरा एली कोहेन. दमास्कसला 1965 साली फाशी गेलेला इस्राएलचा हेर तो हाच. त्यावर सिनेमेबिनेमे निघालेत, मी इथे वाढवत नाही.) आणि फावल्या वेळात हिब्रू शिकत राहिला, वर्षानुवर्षं. पहिली हिब्रू कादंबरी आली तेव्हा तो अठ्ठेचाळिशीला टेकला होता. ते वर्ष 1974, म्हणजे मी बटाट्याचा भाव विचारायला शिकत होते तेच.

त्या कादंबरीच्या नावाचा अर्थ ‘समान आणि जास्त समान’. ती मी पाच-सहा वर्षांनी वाचली. इराकहून आलेलं कुटुंब, ‘माअबारा’ म्हणजे तंबू-पत्र्यांची छावणी, आणि युरोपातून आलेल्या ज्यूंनी त्यांना दिलेली वागणूक. देशात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांच्या अंगावर डीडीटी फवारतात. तिथे मी पुस्तक मिटलं. लहानपणी आपल्याकडे मलेरियावाले यायचे, पाठीवर पंप घेऊन, भांडीकुंडी बाहेर काढायला लावायचे आणि भिंतींवर डीडीटी मारायचे. तो वास मला ठाऊक होता. पण आमच्याकडे तो भिंतींवर मारायचे.

माझी आत्या आमच्याआधी बरीच वर्षं इकडे आली होती. बेने इस्राएल खरे ज्यू की नाहीत, त्यांची लग्नं लावण्याआधी पिढ्यापिढ्यांची चौकशी करावी की काय, असा घोळ इथल्या धर्मपीठानं घातला होता. 1964 साली आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा आत्या तिथे बसली होती, नऊवारीत. ऑगस्टमध्ये संसदेनं ठराव केला की हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत. आत्याला मी कादंबरीच्या नावाचा अर्थ सांगितला तर म्हणाली, “हे सांगायला पुस्तक कशाला लागतं गो?” आणि मग म्हणाली, वाच पुढे.

सामी मिखाएलला नुसतं ‘पूर्वेकडच्या ज्यूंचा लेखक’ म्हणणं मला पटत नाही. स्वतःच्या समाजावरचा अन्याय लिहिणारे पुष्कळ असतात. हा त्यापुढे गेला. 1987 मध्ये आलेल्या ‘वादीतली तुतारी’ या कादंबरीत सांगणारी आहे हुदा, हैफातली ख्रिस्ती अरब मुलगी. वरच्या खोलीत भाड्यानं राहायला येतो रशियाहून आलेला ज्यू तरुण, तुतारी वाजवणारा. पुढे 1982 चं लेबनॉनचं युद्ध उभं आहे. ज्यू पुरुषानं अरब बाईच्या ‘मी’मधून लिहायचं, हे धाडस सोपं नव्हतं. ती वादी म्हणजे हैफातलीच अरब वस्ती, वादी निस्नास, मुंगसाची दरी. मी तिथून कोथिंबीर आणि मटण घेते, त्यामुळे मी हे पुस्तक जरा तपासणीसासारखंच वाचलं. जिने, गच्च्या, आवाज, सगळं बरोबर आहे. इथल्या शाळांतही ते शिकवलं गेलं.

इजिप्तचे अरबी लेखक नगीब महफूज यांची कैरोवरची तीन खंडांची कादंबरी त्यानं अरबीतून हिब्रूत आणली, तीही महफूज यांना 1988 मध्ये नोबेल मिळण्याआधी. सोडलेल्या भाषेशी केलेली ही सोयरीक मला फार आवडते. 2001 साली तो इथल्या नागरी हक्क संघटनेचा अध्यक्ष झाला आणि बरीच वर्षं राहिला. अरब असो, ज्यू असो, अन्याय झाला की बोलायचा, आणि देशातल्या वंशभेदाबद्दल तर इतकं रोखठोक की आमच्या वॉर्डातही त्यावरून भांडणं व्हायची. मी त्याच्या बाजूनं भांडायची. एका डॉक्टरांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होता.

एकाच गावात पन्नास वर्षं राहून मी त्याला एकदाही भेटले नाही. 1 एप्रिल 2024 रोजी तो गेला, हैफातच, सत्त्याण्णव वर्षांचा होऊन.

आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी तिला ‘व्हिक्टोरिया’ वाचून दाखवायची. 1993 ची ही कादंबरी, त्याच्या आईच्या आयुष्यावर बेतलेली. बगदादच्या ज्यू मोहल्ल्यातलं एक घर, मधे मोकळी जागा, भोवती खोल्या, खोल्याखोल्यांत भाऊ, जावा, पोरं, भांडणं, भानगडी. मी हिब्रूत पाहायचे आणि तोंडानं मराठी सांगायचे. आईनं डोळे मिटूनच विचारलं, “हे आपल्या आळीतलं कोणाचं घर?”

गेल्या वर्षी ते सांगणं मी कागदावर उतरवायला घेतलं. शंभर पानी वहीत चाळीस पानं झाली आहेत. अक्षर पार बिघडलंय, ऱ्हस्वदीर्घाचं तर विचारू नका. शेवटच्या पानावर अडलेले शब्द आहेत. पहिलाच सुटत नाही: त्या घराच्या मधल्या मोकळ्या जागेला चौक म्हणू की अंगण? चौक म्हटलं तर पुण्याचा वाडा होतो, अंगण म्हटलं तर आमच्या दारची रांगोळी दिसते. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, वाक्य पुढे ने. मी नेतेय.