आधी शू, मग बूट

आमच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलाय. थोरलीने स्केचपेनने लिहिलेला. शू, मोजे, बिब (छातीपर्यंत येणारी जाड पँट), बूट, जॅकेट, कानटोपी, हातमोजे. खाली ठळक अक्षरांत, 'क्रम बदलायचा नाही'. हातमोजे शेवटी, कारण ते चढवले की बोटांनी दुसरं काहीच होत नाही. आणि शू पहिली का, ते पाच वर्षांच्या पोराला सगळं घालून, चेन लावून, बुटांचे पट्टे आवळून झाल्यावर 'आई...' असा बारीक आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको.

अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईगनला आल्यावर पहिले तीन हिवाळे आम्ही घरात आणि मॉलमध्ये काढले. थोरली तेव्हा लहान होती, आणि उणे पंधरात तिला बाहेर काढायचं म्हणजे गुन्हा वाटायचा. नोव्हेंबर ते मार्च खिडकीतून बाहेर बघायचं, चिडचिड करायची, आणि एप्रिलमध्ये उन्हाळ्याचे बेत आखायचे. इथले लोक मात्र पोराला स्लेडमध्ये, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीत घालून, दोरी कमरेला बांधून निघालेले दिसायचे. मला वाटायचं, यांची कातडीच वेगळी असणार. कातडी आपलीच. फरक कपड्यांत आहे, आणि 'किती वेळ' याच्या हिशेबात.

इथल्या राष्ट्रीय उद्यानांची नावं आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतात. स्टेट पार्क म्हणजे राज्य सरकारने सांभाळलेली उद्यानं. घराजवळ असतात आणि त्यासाठी रजा टाकावी लागत नाही. मिनेसोटात त्यासाठी गाडीचा परवाना लागतो, वर्षाचा किंवा एका दिवसाचा. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, प्रवेश फुकट असतो. बाकीचे लोक टीव्हीच्या सेलला रांग लावतात तेव्हा आम्ही पार्कात. आमची सुरुवातही अशीच फुकटात झाली.

सुरुवातीलाच मी एक घोळ घातला. बर्फात दोन समांतर चर खणल्यासारखी छान सपाट वाट दिसली, तर आम्ही चौघं तिच्यावरून ढबाढबा चालत सुटलो. मला वाटलं, लोकांच्या सोयीसाठी साफ केलीय. समोरून स्कीवर एक आजीबाई आल्या, थांबल्या, आणि अतिशय गोड आवाजात म्हणाल्या की तुम्ही ज्या चरातून चालताय तो यंत्राने पाडलेला स्कीचा माग आहे. बुटांनी पडलेले खड्डे रात्री गोठतात आणि सकाळी येणाऱ्याची स्की त्यात अडकते. मी मागे वळून पाहिलं. चौघांचे खड्डे, वळणापर्यंत. तेव्हापासून फाट्यावर आधी पाटी वाचते. चालणाऱ्यांची वाट वेगळी, स्नोशूवाल्यांची (बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली रुंद चौकटी बांधणाऱ्यांची) वेगळी, आणि स्कीच्या वाटेवर पाय ठेवायचा नाही. स्कीसाठी 16 वर्षांच्या आणि त्यावरच्यांना वेगळा पासही लागतो.

आम्ही अजून स्नोशूवाले. स्की शिकायचा माझा उत्साह एका दुपारी, एकाच उतारावर संपला. स्नोशूला शिकावं लागत नाही. बदकासारखे पाय थोडे फाकवून चालायचं, बस. बऱ्याच पार्कांत ते भाड्याने मिळतात, लहान मुलांच्या मापाचेही. बर्फ मात्र वीतभर तरी हवा. 2023-24 च्या हिवाळ्यात तो पडलाच नाही. इथल्या नोंदींतला तो सर्वांत उबदार हिवाळा होता, आणि आम्ही जानेवारीत साध्या बुटांनी चिखल तुडवत फिरलो. नुसतं चालणंही काही वाईट नसतं, पण स्नोशू दाराशी टांगलेले पाहून धाकटा रोज विचारायचा.

कपड्यांबद्दल मी आता मैत्रिणींना सल्ले देण्याइतकी शहाणी झालेय, म्हणून इथेही देते. आतला बनियान सुती नको. घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं, आणि थांबलात की अंगाला गार फडकं गुंडाळल्यासारखं होतं. मोज्यांचे दोन जोड एकावर एक चढवू नका. बूट घट्ट होतो, आतली हवा जाते, आणि पाय उलट लवकर गारठतात. हे मला कळायला दोन हिवाळे लागले, कारण आईने लहानपणी 'अजून एक घाल' एवढंच शिकवलं होतं. पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा चारही बोटं एकत्र राहणारा मोजा मुलांना बरा, बोटं एकमेकांना ऊब देतात. फोन आतल्या खिशात, नाहीतर चाळीस टक्के बॅटरी असतानाही तो डोळे मिटतो. आणि वाऱ्यासकटचं तापमान उणे 20 फॅरनहाइटच्या आसपास असेल तर आम्ही जात नाही. तेवढ्यात अर्ध्या तासात उघडी कातडी गोठू शकते. अशा दिवशी मॉल, आणि त्याची लाज वाटत नाही.

बाकी दिवशी चाळीस मिनिटं. पोरं रडायला लागायच्या आधी परत. 'अजून थोडं' म्हणत असतानाच गाडीत बसवायचं, म्हणजे पुढच्या रविवारी कागदावरचा क्रम न सांगता सुरू होतो.

चाळीस मिनिटांत अंतर फार होत नाही, कारण प्रत्येक ठशापाशी थांबावं लागतं. हरणाचा ठसा ओळखायला सोपा, खुराच्या दोन पाकळ्या. सशाचा फसवतो. उडी मारताना त्याचे मागचे मोठे पाय पुढच्यांच्याही पुढे पडतात. त्यामुळे ससा ज्या बाजूला गेला असं वाटतं, त्या बाजूने तो आलेला असतो. धाकट्याने हे पाठ केलंय आणि भेटेल त्याला ऐकवतो. कधी बर्फात सुपारीएवढं भोक दिसतं आणि ठसे तिथेच संपतात. तो उंदीर. बर्फाच्या जाड थराखाली, जमिनीलगत, वरच्यापेक्षा पुष्कळ ऊब असते. वर उणे वीस असलं तरी खाली पाणी गोठण्याच्या जवळपासच. तिथे त्यांचे बोगदे असतात, सगळा हिवाळा संसार चालतो. थोरली गुडघ्यावर बसून भोकाला कान लावते. ऐकू काही येत नाही, पण ती येतं म्हणते.

यंदाच्या जानेवारीत आप्पा आले होते. माझे वडील, कराडचे. आयुष्य साखर कारखान्यात गेलं, आणि कारखान्याचा गळीत हंगाम म्हणजे ऐन हिवाळा. त्यामुळे थंडीत रजा ही चीज त्यांनी निवृत्त होईपर्यंत पाहिली नव्हती. लोक आईवडिलांना उन्हाळ्यात बोलावतात. आप्पाच म्हणाले, "उन्हाळा हितं काय कमी हाय? बर्फ दाव की."

संक्रांतीनंतरच्या शनिवारी फोर्ट स्नेलिंग या स्टेट पार्कात गेलो. घरापासून दहा मिनिटं. विमानतळाला इतकं लागून आहे की डोक्यावरून चाकं बाहेर काढलेली विमानं जातात आणि खाली हरणं मान वर न करता चरतात. तापमान 12 फॅरनहाइट, म्हणजे उणे 11. आप्पांच्या अंगावर नवऱ्याचं जॅकेट, पायात शेजाऱ्याचे बूट, आणि कानटोपीच्या आत कराडहून आणलेला मफलर. यादीतला एक नंबर त्यांनी हसण्यावारी नेला आणि व्हिजिटर सेंटरला पोचताच सगळं उतरवावं लागलं. धाकट्याला इतका आनंद मी पूर्वी दिलेला नाही.

तिथे पक्ष्यांना दाणे टाकायची जागा आहे. काळी टोपी घातलेले चिकडी येत-जात होते. मुठीएवढाही नाही हा पक्षी. दक्षिणेला न जाता इथेच राहतो आणि रात्री स्वतःच्या शरीराचं तापमान काही अंशांनी उतरवून शक्ती वाचवतो. 'चिक-अ-डी-डी' ओरडतो, आणि धोका जितका मोठा तितके 'डी' जास्त. आप्पांनी मोजले. चार. "कुणाला भ्यालंय?" म्हणाले. आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

स्नेलिंग तळ्यावर लोक गोठलेल्या पाण्यात भोक पाडून, तंबू ठोकून मासे धरत बसले होते. पोरं त्यांच्याकडे जायला निघाली आणि आप्पांनी धाकट्याचं हुडी मागून धरलं. त्यांचंही चूक नाही. ज्याचा जन्म कृष्णेच्या काठावर गेला तो पाण्यावर चालायला सहज तयार होत नाही. मी समजावलं की चालायला स्वच्छ, निळसर बर्फ निदान 4 इंच हवा. पांढरा, दुधाळ असेल तर त्याच्या दुप्पट, कारण त्याच्यात ताकद निम्मीच असते. एका मासेवाल्याने भोकात मोजपट्टी घालून दाखवली. चौदा. तेव्हा आप्पा आले, पण पाय उचलत नव्हते, घासत होते. नदीवर मात्र आम्हीही उतरत नाही. खाली प्रवाह असतो, आज जाड वाटलेला बर्फ उद्या पातळ.

मग पाइक बेटाच्या टोकापर्यंत गेलो. चाळीस मिनिटांचा नियम त्या दिवशी मोडला, पण पोरं स्लेडमध्ये होती आणि ओढायला नवरा होता. त्या टोकाला मिनेसोटा नदी मिसिसिपीला मिळते. काठाला बर्फाच्या लाद्या, मध्ये काळं वाहतं पाणी, त्यावर वाफ. आप्पा बघत राहिले. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि दोघी मिळून काटकोनात वळतात. प्रीतिसंगम म्हणतात त्याला. आमचं सगळं लहानपण तिथल्या वाळवंटात गेलं. आप्पांनी हाताने दाखवलं, ही अशी आली, ती तशी आली. "हितं कोण कुणात मिळती?" मी म्हटलं, मिनेसोटा मिसिसिपीत. "म्हंजे नाव हिचं गेलं," म्हणाले.

इथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांच्या भाषेत अशा जागेला 'ब्डोटे' म्हणतात, दोन पाणी मिळतात ती जागा. त्यांच्यापैकी अनेकांच्या श्रद्धेत माणसाची उत्पत्तीच इथे झाली. आणि इथेच, किल्ल्याच्या खालच्या सपाटीवर, 1862-63 च्या हिवाळ्यात अमेरिकेशी झालेल्या युद्धानंतर सुमारे 1600 डकोटा लोकांना कुंपणात डांबलं होतं. बहुतेक बायका, पोरं, म्हातारे. 130 ते 300 जण मेले असा अंदाज आहे. व्हिजिटर सेंटरजवळ त्यांचं स्मारक आहे. परतताना आप्पांनी विचारलं, "आणि बापय?" मी सांगितलं, 26 डिसेंबर 1862 ला मॅनकाटोला 38 जणांना एकाच वेळी फाशी दिली. थोरली म्हणाली, आम्हाला शाळेच्या ट्रिपला सांगितलं होतं. आप्पा काही बोलले नाहीत. खिशातून तिळगुळाची पुडी काढली, एक लाडू स्मारकापाशी ठेवला आणि चालू लागले. तिथे असं काही ठेवलेलं चालतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. मी तो उचलला नाही. स्लेडिंगला आलेली पोरं मागे ओरडत होती, आमचीही त्यांच्यातच. या जागेचं मला नेहमी असंच होतं, कसं वागावं कळत नाही, तरी येत राहते.

उरलेला तिळगूळ गाडीत बसून खायला घेतला. थंडीत त्याचा गोटा झाला होता. आप्पांची कवळी, म्हणून त्यांनी तो गालात धरला आणि घरापर्यंत गोड न बोलता गप्प बसले.

शेवटची मोठी फेरी विल्यम ओब्रायन पार्कची, सेंट क्रॉय नदीकाठची. जानेवारी-फेब्रुवारीत इथली बरीच पार्कं एखाद्या शनिवारी संध्याकाळी वाटेवर मेणबत्त्या लावतात आणि लोक अंधारात चालतात. बादलीत पाणी गोठवून बर्फाचे पोकळ दिवे करतात, त्यात मेणबत्ती. पोरं जवळ बसून आतले बुडबुडे बघतात. वाटेच्या शेवटी शेकोटी. गरम चॉकलेटची रांग होती, आम्ही थर्मासातून टोमॅटोचं सार काढलं. मिऱ्याचा वास आला तशी शेजारची दोन माणसं वळून बघायला लागली. त्यांनाही दिलं, झाकणातून.

आप्पा शेकोटीपाशी उकिडवे बसले, त्या सगळ्या बिबसकट. ऊसतोडीच्या गाड्या रात्री कारखान्याच्या अड्ड्यावर नंबर लावून उभ्या राहायच्या, तेव्हा गाडीवान पाचट पेटवून बसायचे, ते धाकट्याला सांगत होते. बैलांच्या अंगावर गोणपाट टाकायचे. धाकट्याने विचारलं, बैल शू कधी करायचे? आप्पा हसता हसता मागे बर्फात बसले आणि त्यांना उठवायला दोघं लागली.

इथे पार्कांचा एक हायकिंग क्लब आहे. ठरलेल्या वाटेवर कुठेतरी पाटीवर पासवर्ड असतो, तो वहीत लिहायचा, म्हणजे ते मैल जमा होतात. 25 मैल झाले की कापडी बिल्ला. आप्पांनी महिनाभरात चार पासवर्ड मिळवले. कुणाला सांगायचे नाहीत असं पोरांनी बजावलंय, आणि ते पाळतात. कराडला गेल्यावर परवा फोन आला. माझ्याशी दोन मिनिटं बोलले, मग धाकट्याला मागितलं. तो फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.