पाहुण्यांनी नाक दाबलं तेव्हा

"कसाना वास ई ऱ्हायना रे भाऊ?" मावशीने उंबऱ्यातच पदर नाकाला लावला. चहा होईपर्यंत तिचा निकालही लागला होता: "एक तर हा उंदीर ठेव, नाहीतर पाहुणे. आणि पिंजरा रोज फिनाईलने धूत जा."

दिवसभर ते मनात सलत राहिलं.

तो उंदीर नाही, शुगर ग्लायडर आहे. मूळचा ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा, कांगारूसारखा पिशवीवाल्यांच्या कुळातला. नर वयात आला की डोक्यावर मधोमध टक्कल पडतं. ती त्याची वासाची ग्रंथी. रात्री तो ते टक्कल झोपायच्या पिशवीला, जाळीला, माझ्या लेकीच्या मनगटालाही घासतो. आपल्याकडच्या बोकडाचं तरी वेगळं काय असतं?

फिनाईलचा उग्र दर्प एवढ्याशा जिवाला सोसत नाही. शिवाय सगळं एकदम धुतलं की आपली खूण गेली म्हणून तो आणखी जोमाने घासतो. म्हणून पिशव्या आळीपाळीने धुवायच्या, बिनवासाच्या साबणाने. तळाचा कागद रोज बदलायचा. आणि जळगावच्या मे महिन्यात रात्रीचं उरलेलं केळं सकाळी उठल्याउठल्या काढायचंच, ते आंबलं की घरभर वास.

नराची नसबंदी केली की वास बराच उतरतो.

नीट सांभाळला तर हा जीव 10-12 वर्षं जगतो. पिल्लू विकताना हे कुणी सांगत नाही, मग वासाला कंटाळून लोक त्याला दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. फार वाईट वाटतं.

जळगाव-धुळ्याकडे अशा प्राण्यांवर हात बसलेले पशुवैद्य कुणाच्या माहितीत आहेत का?