केपमधला गोतावळा

कम्बोडियाची राजधानी नोम पेन्हहून दक्षिणेला कम्पोटकडे जाणारी गाडी सकाळी निघाली तेव्हा आम्ही चौघं एकमेकांना ओळखतही नव्हतो. कित्येक वर्षं बंद राहिलेल्या या मार्गावर 2016 मध्ये प्रवासी गाडी पुन्हा सुरू झाली. ती फार जोरात पळत नाही. समोरच्या बाकावर फिलिपिन्सची एक परिचारिका होती, तिच्या बाजूला सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून फिरायला निघालेला कोरियन मुलगा, आणि खिडकीशी पोलंडचा एक सुतार, मांडीवर भलीमोठी पाठपिशवी घेऊन. खाऊ विकणाऱ्या मावशींनी आम्हाला एकाच घरातले समजून केळ्याच्या पानातला चिकट भात चौघांत वाटून दिला, आणि पैसे देण्याआधीच विचारलं, "वय काय तुमचं?"

कम्बोडियात हा आगाऊपणा नव्हे. वय कळल्याशिवाय समोरच्याला हाक कशी मारायची तेच ठरत नाही. मोठा असेल तर 'बोंग', म्हणजे थोरलं भावंड. धाकटा असेल तर 'ओन'. ताई-दादा असा फरक त्यात नाही. मी चौतीस म्हणाले आणि त्या पन्नाशीच्या मावशींची ओन झाले. त्यावरून डब्यातच गंमत सुरू झाली. फिलिपिन्सची मुलगी सत्तावीस वर्षांची. ती म्हणाली, मग मी तुला 'आते' म्हणणार, आमच्याकडे थोरल्या बहिणीला तेच म्हणतात. मला हसूच आलं. कोकणात, शिरोड्याला आमच्या घरात आते म्हणजे वडिलांची बहीण, जिच्यासमोर मोठमोठे गप्प बसतात. कोरियन मुलगा बावीसचा. मुलगा थोरल्या बहिणीला 'नुना' म्हणतो, असं त्यानं सांगितलं. राहिला त्रेचाळीस वर्षांचा सुतार. त्याच्या भाषेत परक्या माणसाला अशी हाक मारायची रीतच नाही. त्याला एका दमात थोरल्या भावाची तीन नावं मिळाली: 'कुया', 'ह्यंग' आणि माझ्याकडून 'दादा'. तो ती पुन्हा पुन्हा म्हणून बघत राहिला.

"आणि धाकट्या बाईला मी काय म्हणू?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, आमच्या बाजारात साठीचे काकासुद्धा भाजी घेणाऱ्या बाईला ताई म्हणतात, वय न विचारता. हे त्याला फारसं पटलेलं दिसलं नाही.

कम्पोटहून केप पंचवीसेक किलोमीटर. चौघांत एक टुकटुक केली. वाटेत मिठागरं लागली आणि मी गाडी थांबवायला लावली. आखलेले चौकोनी वाफे, त्यात साचलेलं आकाश, कावडीनं मीठ वाहणाऱ्या बाया. मिठागरांच्या गावात वाढलेल्या माणसाला ही जमीन परकी वाटत नाही. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याचं नाव कसं गाजलं ते मी त्यांना बांधावर उभ्यानं सांगितलं. मिठाचा एक खडा उचलून जिभेवर ठेवला. कोरियन मुलानंही ठेवला.

केप हे गाव फ्रेंचांनी 1908 मध्ये समुद्रकिनारी हवापालटासाठी वसवलं. पुढे पन्नास-साठच्या दशकांत नोम पेन्हच्या श्रीमंतांनी इथे बंगले बांधले, सरळ रेषांचे, मोठ्या गच्च्यांचे. 1975 साली पोल पॉटचे कट्टर कम्युनिस्ट, ख्मेर रूज, सत्तेवर आले आणि ते सगळं संपलं. त्या राजवटीनंतरच्या उपासमारीत लोकांनी जगण्यासाठी या घरांचं लोखंड, लाकूड, जे निघेल ते काढून विकलं. आज त्यांतले काही सांगाडे झाडांत उभे आहेत. एका घराच्या जिन्यातून वड वर गेला आहे. सुतार दादा एका रिकाम्या चौकटीच्या खाचेवरून हात फिरवत बराच वेळ उभा राहिला. आम्ही त्याला हाक मारली नाही.

पण केप म्हणजे कुर्ल्या. फसार क्दाम, खेकड्यांचा बाजार, अगदी पाण्याला लागून आहे. बाया कमरेएवढ्या पाण्यात जाऊन बांधून ठेवलेले वेताचे पिंजरे ओढत काठावर आणतात आणि आपण उकिडवे बसून निवड करायची. इथे माझं बालपण कामाला आलं. कुर्ली उलटी करून पोट बघायचं, हातात तोलून बघायची, हलकी लागली तर परत टाकायची. विकणारीनं माझा हात बघितला, हसली आणि दुसऱ्या पिंजऱ्याचं झाकण उघडलं. चांगला माल तिथे होता! दोन किलो घेतल्या. शेजारच्याच चुलीवर दुसऱ्या बाईनं त्या कढईत टाकल्या, वर लसूण आणि हिरव्या मिऱ्यांचे घोसच्या घोस.

हिरवी मिरी मी पोफळीवर चढलेल्या वेलावर पाहिलेली, पण अशी भाजीसारखी मूठमूठ खाल्ली नव्हती. दाताखाली फुटते, आधी कोवळा हिरवा वास, मग तिखट, आणि तेही घशात न अडकता निघून जाणारं. कम्पोटच्या मिरीला 2010 मध्ये देशात भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये युरोपीय संघानंही ते मान्य केलं. ख्मेर रूजच्या काळात भाताच्या सक्तीपायी हे मळे जवळजवळ नाहीसे झाले होते, हे कळल्यावर तो घोस मी जरा जपूनच खाल्ला. इथल्या ख्मेर भाषेत मिरीला 'म्रेच' म्हणतात. आमचं मरिच, मिरी, तेच हे. समुद्राला 'समोत', मित्राला 'मित'. मी एकेक शब्द सांगत होते आणि विकणारी बाई मान डोलवत बरोबर-चूक ठरवत होती.

सुताराला कुर्ली खाता येईना. नांगी फोडून, आतलं मांस अख्खं काढून त्याच्या ताटात ठेवायचं काम आते म्हणून माझ्याकडे आलं. चार माणसं दीड तास कुर्ल्या खात बसली की हात वशाट होतात, फोन कुणी उचलत नाही. पहिल्या खऱ्या गप्पा तिथे झाल्या. परिचारिकेनं सांगितलं, दोन वर्षं तिनं सलग रात्रपाळी केली आणि त्या काळात समुद्र पाहिला तो फक्त बसच्या खिडकीतून.

दुसऱ्या दिवशी होडीनं कोह तोनसायला, म्हणजे सशांच्या बेटावर गेलो. अर्ध्या तासाचा प्रवास. तिथे बांबूच्या झोपड्या, झोपाळ्यासारख्या जाळ्या, मोकाट कोंबड्या, आणि वीज संध्याकाळचे काही तास. खडकांत उतरताना कोरियन मुलाचा तळपाय कालवांवर कापला. रक्त बरंच गेलं. आमची परिचारिका एका क्षणात वेगळी माणूस झाली: पाणी उकळायला लावलं, जखमेतले कवचाचे तुकडे एकेक काढले, त्याच्याशी एका लयीत बोलत राहिली. झोपडीची मालकीण दिवा धरून बसली होती. ती त्याला ओन म्हणत होती, आणि तो पोरगा, ज्याला दुखतं म्हणायची लाज वाटत होती, त्या शब्दावर रडला. रात्री आम्ही त्याला जाळीत झोपवून पाण्याकाठी बसलो. लाट फुटली की निळसर ठिणग्या उडत. समुद्रातले सूक्ष्म जीव हलले की असे चमकतात. सुतारानं ओंजळभर पाणी जपून आणून मुलाला दाखवलं, पण वाटेत ते विझलं होतं. मग तोच मुलाला पाठुंगळी घेऊन काठावर आला.

परतताना नोम छ्न्गोकला गेलो. भातशेतात उभा असलेला चुनखडीचा डोंगर, दोनेकशे पायऱ्या, आणि गुहेच्या आत सातव्या शतकातलं विटांचं छोटं शिवमंदिर. छतावरून चुनखडी मंदिरावर उतरून आली आहे आणि आत त्याच दगडाचं नैसर्गिक लिंग आहे. थेंब पडत होते. मी चप्पल बाहेर काढली, हात जोडले. माझ्या मागे तिघांनी चपला काढल्या. मुलानं तर पट्टी बांधलेला पाय घेऊन, दादाच्या खांद्याचा आधार घेत.

कम्पोटच्या नाक्यावर माझी गाडी सगळ्यांत आधी सुटायची होती. परिचारिकेनं गळामिठी मारली, मुलानं दोन्ही हातांनी हात धरून मान लववली. गाडी हलली, आणि सुतार रस्त्यावरून धावत येताना दिसला. त्याच्या हातात मिठात मुरवलेल्या मिऱ्यांचं माझं पाकीट होतं, बाकावर राहिलेलं.

"ताई!" तो ओरडत होता. "ताई, म्रेच!"