सोमेश्वरची पहाटधाव आणि थंडीतील टाइट्सची निवड

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानापासून अशोक स्तंभ, गंगापूर नाका, आनंदवल्ली या मार्गाने सोमेश्वरपर्यंत जाऊन परत यायचे, ही जवळपास १५ किलोमीटरची धाव मी आणि माझ्या वहिनी जानेवारीत लागोपाठ तीन रविवारी धावलो. तिन्ही वेळा पहाटे पावणेसहालाच निघालो आणि तिन्ही वेळा पारा ९ ते ११ अंशांच्या दरम्यान होता. बदलल्या त्या फक्त टाइट्स.

पहिल्या रविवारी मी घरातल्या सुती लेगिंग्ज घातल्या होत्या. गंगापूर नाक्यापर्यंत त्या उबदार वाटल्या, पण सुती कापड घाम शोषून धरून ठेवते, त्यामुळे आनंदवल्लीच्या पुढे नदीकडचा गार वारा लागताच तेच ओले कापड मांड्यांना चिकटून बर्फासारखे वाटू लागले. परतीच्या वाटेवर जांघेत काचून सालटे निघाले आणि पुढचे दोन दिवस जिना उतरणेही नकोसे झाले.

दुसऱ्या रविवारी त्या अनुभवाची धास्ती घेऊन मी आतून लोकरीसारखे मऊ अस्तर असलेल्या जाड टाइट्स घातल्या. त्या उत्तम कापडाच्या होत्या, तरी वीस मिनिटांतच मला उकडू लागले. द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून निफाडकडचे बागायतदार बागांमध्ये शेकोट्या पेटवतात, त्या कडाक्याच्या पहाटे धावणाऱ्यांना असे अस्तर उपयोगी पडेल. नाशिक शहरातील बहुतेक सकाळी मात्र ते अनावश्यक आहे, असे माझे स्पष्ट मत झाले. धावताना शरीर स्वतःच उष्णता निर्माण करते, म्हणून हवा आहे त्यापेक्षा साधारण १० अंशांनी उबदार आहे असे धरून कपडे निवडावेत आणि पहिली दहा मिनिटे थोडी हुडहुडी भरली तर ती सोसावी.

तिसऱ्या रविवारी पॉलिएस्टरमध्ये साधारण एक पंचमांश इलास्टेन (ताणला जाणारा धागा) असलेल्या, अस्तर नसलेल्या, घोट्यापर्यंतच्या टाइट्स घातल्या आणि ती धाव अतिशय सुखाची झाली. घाम कापडाच्या बाहेरच्या बाजूला येऊन वाळत होता, आणि सोमेश्वरला पाणी पिण्यासाठी थांबलो तेव्हाही पाय गारठले नाहीत.

या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्यांनी टाइट्स घेताना उबेपेक्षा कंबरपट्टी आणि शिवण यांकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. कंबरपट्टी रुंद असावी आणि तिच्यात आतून नाडी असावी, कारण खिशात फोन ठेवल्यावर केवळ इलॅस्टिकवर टिकणाऱ्या टाइट्स दर शंभर पावलांवर वर ओढाव्या लागतात. टाइट्स उलट्या करून आतल्या शिवणीवरून बोट फिरवावे. शिवण सपाट लागली पाहिजे, आणि आसनाजवळ चार शिवणी एकाच बिंदूत मिळण्याऐवजी तेथे वेगळा तुकडा जोडलेला असावा. काचण्याची जागा नेमकी तीच असते. दुकानात त्या घालून उकिडवे बसावे, गुडघे छातीकडे उचलून जागच्या जागी धावावे; कापड ताणले जाऊन पारदर्शक दिसले, पट्टी खाली सरकली किंवा गुडघ्यामागे चुण्या पडून टोचू लागल्या, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी ती जोडी घेऊ नये. वहिनींनी घट्ट हव्यात म्हणून एक माप लहान घेतल्या होत्या, आणि तिन्ही धावांत त्यांच्या पोटावर वळ उठले.

जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे पोटरीवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी असलेल्या टाइट्स घ्याव्यात. गंगापूर रोडवर पहाटेही वाहने वेगाने येतात. धाव संपल्यावर मैदानात गप्पा मारत उभे राहायचे असेल, तर वरून चढवण्यासाठी एक सैल कोरडी पँट सोबत ठेवावी. टाइट्स धुताना कापड मऊ करणारे द्रव्य वापरू नये, कारण त्याचा थर बसून घाम वाळण्याचा गुण कमी होतो. गार पाण्यात, उलट्या करून धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात.