धानोऱ्याचा मोह

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नागपूरहून एसटीने निघून, ब्रह्मपुरी सोडल्यावर वैनगंगा ओलांडून मी गडचिरोलीला आणि तेथून धानोरा तालुक्यातील एका गोंड कुटुंबाकडे मुक्कामाला पोहोचलो. मोहाचे झाड लहानपणापासून पाहत आलो असलो, तरी त्याचे फूल फांदीवरून सुटताना कधी पाहिले नव्हते; तेवढ्यासाठीच हा प्रवास होता.

"उन्हात झाड पाहून काय करता भाऊ, कोंबड्याच्या आधी उठजा," असे घरच्या मावशींनी रात्रीच बजावले होते. पहाटे साडेचारला त्यांच्या मागोमाग जंगलात शिरलो, तेव्हा झाड दिसण्याआधी त्याचा गोड, किंचित आंबूस वास आला आणि मग थांबून थांबून येणारा 'टप्' असा आवाज. जवळजवळ निष्पर्ण फांद्यांच्या शेंड्यांवर घोस लोंबत होते आणि त्यांच्याभोवती वटवाघळांची ये-जा चालू होती. परागीभवनाचे बरेचसे काम तीच करतात.

विजेरीच्या उजेडात एक फूल तळहातावर घेतले. मोत्यासारखे फिकट, रसाने फुगलेले, आत पुंकेसर चिकटलेले आणि बुडाशी भोक. मावशींनी खालची फांदी वाकवून दाखवल्यावर त्या भोकाचा उलगडा झाला: तपकिरी, लवदार निदले, म्हणजे फुलाची सर्वांत बाहेरची दले, आणि त्यांतून बाहेर डोकावणारी कुक्षीवृंताची, म्हणजे स्त्रीकेसराच्या देठाची, लांब काडी झाडावरच होती. म्हणजे खाली पडतो तो पाकळ्यांचा पेला. अंडाशय वर राहतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी त्याचे टोळ, म्हणजे मोहाचे फळ, होते, ज्याच्या बियांचे तेल काढतात. फुले वेचल्याने फळ बुडते, हा माझा समज तिथेच गळून पडला.

नुकसान होते ते वेगळ्या कारणाने. वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. शेजारच्या झाडाखाली असे काळे वर्तुळ होते आणि त्यात मोहाचे एकही रोप नव्हते. मावशींनी मात्र आपल्या झाडाखाली नुसता खराटा फिरवला होता.

ऊन चढताच टपटप विरळ झाली. अंगणात पसरलेली आदल्या दिवसांची फुले बेदाण्यासारखी आकसून लालसर तपकिरी झाली होती. त्यांतली भाजलेली मूठभर मावशींनी न्याहारीला दिली. उरलेली रुमालात बांधून परतीच्या एसटीत बसलो, तर शेजारच्या गृहस्थांनी वास घेऊन माझ्याकडे एकदा नीट पाहिले आणि पुढच्याच थांब्यावर जागा बदलली.