आमची वाटचाल: काटा उलटा फिरतो

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याचा गाळा आणि एक जुना लेथ, एवढ्यावर सुरुवात झाली. फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) यायचं, आम्ही त्यात बोअर, म्हणजे नेमक्या मापाचं गोल भोक, करून द्यायचो. पहिली काही वर्षं इनसाइड मायक्रोमीटरवर निभावली.

खरी परीक्षा पंपाच्या बेअरिंग हाउसिंगनं, म्हणजे बेअरिंग बसतं त्या घरानं, घेतली. ६२०७ बेअरिंग, बाहेरचा व्यास ७२ मिमी. ड्रॉइंगवर ७२ एच ७, म्हणजे टॉलरन्स (मापात चालणारी सूट) शून्य ते अधिक ३० मायक्रॉन; हजार मायक्रॉनचा एक मिमी. भोकाचा व्यास आतून मोजणारा बोअर गेज नवा घेतला, पण त्यावरचा काट्याचा डायल घरातलाच लावला, एका रेघेला ०.०१ मिमीचा. सगळा टॉलरन्स तीन रेघांत बसला! काटा दोन रेघांच्या मध्ये थांबला की ज्याची जशी नजर, तसं माप.

त्यात एका सकाळी रात्रपाळीचा पोरगा सात नग घेऊन उभा. "मालक, काटा शून्याच्या मागं दोन रेघा होता, म्हणून अजून एक कट मारला." मी डोक्याला हात लावला. बोअर मोठा झाला की गेजची पिन बाहेर येते, डायलचा प्लंजर (काटा हलवणारी दांडी) सैल होतो आणि काटा डावीकडे जातो. पोराचं आयुष्य साध्या डायलवर गेलेलं. त्याला डावीकडे म्हणजे कमी. सातही नग भंगारात. चूक त्याची कमी आणि न सांगणाऱ्या माझी जास्त.

मग पुण्याला जाऊन डायल बघितले. दुकानदार डिजिटलच्या मागे लागला होता. पण बोअर गेज झुलवताना काटा एका जागेपर्यंत जाऊन परत फिरतो, ते वळण म्हणजेच माप. डोळ्याला काट्याचं वळण दिसतं, पळते आकडे पकडता येत नाहीत. (सर्वात लहान माप धरून ठेवणारं मिन-होल्डचं बटण असतं, पण तेलकट हातानं ते कोण दाबत बसणार?) शेवटी ०.००१ मिमीचा काट्याचा डायल घेतला, शून्याच्या दोन्ही बाजूंना आकडे असलेला. स्टेम, म्हणजे गेजमध्ये बसणारी डायलची नळी, ८ मिमी, म्हणून गेजमध्ये सरळ बसला.

नव्या डायलनं आठवडाभर छळलं. पहिल्या दिवशी क्लॅम्प इतका आवळला की प्लंजरच अडकला. मग दुपारी ओके केलेले नग सकाळी लहान भरू लागले. कारण समजायला मामांची गरज पडली. मामा म्हणजे आमचे जुने टर्नर. त्यांनी नगाला नुसता तळहात लावला आणि म्हणाले, "गरम हाय की." ७२ मिमीचं बीड (ओतीव लोखंड) दहा अंशांनी गार झालं की आठेक मायक्रॉन आखडतं. जुन्या डायलवर हे कधी दिसलंच नसतं. तेव्हापासून फिनिशचे नग सेटिंग रिंगच्या (गेजचं शून्य लावायच्या ठरावीक मापाच्या रिंगच्या) शेजारी ठेवून गार करतो आणि मगच मोजतो.

आता जागा शिरोलीला आहे, मशिनंही वाढली. जुना डायल रफिंगच्या, म्हणजे सुरुवातीच्या ढोबळ कटांच्या, बाकावर आहे, तिथं मायक्रॉनचं काही कामच नाही. त्याच्या डाव्या अंगाला लाल ऑइल पेंटनं ‘मोठा’ लिहिलंय. खंडेनवमीला हत्यारं पुजताना मामा मायक्रॉनच्या डायलला कुंकू लावू देत नाहीत. कुंकू लावायचं ते डबीच्या झाकणावर.