वांदा टेसेलाटा : बाभळीच्या ओंडक्यावरचे दुसरे वर्ष

चोपड्याजवळ मामांच्या बांधावरचा जुना कडुनिंब तीन वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात उन्मळून पडला, तेव्हा त्याच्या फांदीवरचा वांदा टेसेलाटा या आमरीचा (ऑर्किडचा) लहानसा झुबका मी घरी आणला. मामा त्याला बांडगूळ समजून सरपणात टाकणार होते. बांडगूळ झाडाचा रस शोषते, ही आमरी मात्र फांदीचा फक्त आधार घेते, हे त्यांना मुळे सोडवून दाखवावे लागले. ती सालीला घट्ट चिकटली होती, पण एकही मूळ सालीच्या आत शिरले नव्हते. उभ्या झाडावरचे किंवा सातपुड्याच्या जंगलातले रोप मी काढत नाही आणि कोणी काढूही नये.

पहिल्या वर्षी चूक झाली. आपल्याकडचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, या धास्तीने मी रोप नारळाच्या काथ्यात बसवून दोन वेळा पाणी घालत राहिलो. श्रावणात सात मुळे कुजली. चिमटीत धरून ओढले की वरचा थर मोज्यासारखा निघून येई आणि हातात नुसता दोरा उरे. तो थर मृत पेशींचा असतो, पाणी टिपकागदासारखे शोषतो, पण त्याला मधल्या काळात वारा लागून पूर्ण कोरडे व्हावे लागते.

मग काथ्या टाकून दिला आणि बाभळीच्या खडबडीत ओंडक्यावर सुती चिंध्यांनी रोप बांधले. आता पाणी वेळापत्रकाने न देता मुळाचा रंग पाहून देतो : चांदीसारखे पांढरे दिसले तरच फवारा, आणि ते हिरवे झाले की थांबायचे. ही आमरी कोरड्या, पानगळीच्या रानातली आहे. जाड, पन्हळीसारखी पाने पाणी धरून ठेवतात, त्यामुळे मला तहानेपेक्षा ओलीचीच भीती अधिक वाटते.

यंदा मे महिन्यात पहिला तुरा आला. सहा फुले, पिवळसर हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी चौकडी, ओठ जांभळा, आणि मंद सुगंध. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये या जातीला ‘टेसेलाटम’ म्हटले ते या चौकडीवरूनच. ‘वांदा’ हे प्रजातीचे नाव तर आपल्या संस्कृत शब्दाचेच आहे.

या आठवड्यात बुडाशी नवा कोंब फुटला आहे. त्याला स्वतःची दोन-तीन मुळे आली की तो मामांच्या आंब्यावर बांधायचा आहे; फांदी त्यांनीच निवडून ठेवली आहे.